सातवा प्रश्न

निपाणीची शाळा, नववी ब.
अर्थशास्त्रातल्या हिशेबांची चाचणी, अजून कच्ची.
मराठीतून मी काढली, कन्नडमधून हिरेमठ सरांनी;
माझी ‘मजुरी’ त्यांच्याकडे ‘कूली’ झाली,
आकडे तेवढे दोन्हीकडे तेच.

सातवा प्रश्न: हजार विड्यांना दोनशे दहा रुपये,
तर पाच हजारांचे किती?
सोपा. भागाकारसुद्धा नाही.

पेपर तपासले तर उलटंच.
एरवी गटांगळ्या खाणारी पोरं इथे बरोबर,
आणि वर्गातली हुशार नेमकी चुकलेली.
भेदनांक उणे.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, असा प्रश्न सरळ गाळावा.

बिल्किस नदाफला बोलावलं.
हे नऊशे पंचेचाळीस कुठून आणलेस?
“बाई, छाट नाही धरायची?
पाच हजार नेल्या तर पाचशे बाजूला काढतोच तो.
पान हलकं असलं तर जास्ती.”
गुणाकार तिचा चोख होता.

उत्तरसूचीत माझ्याच अक्षरात: एक हजार पन्नास.
एवढे पैसे एकरकमी
तिच्या आईच्या हातावर कधी पडलेच नव्हते.

हिरेमठ सरांना विचारलं, छाटीला कन्नडमध्ये काय लिहाल?
ते थांबले. चष्मा कपाळावर सरकवला.
“आमच्या गल्लीत पण छाटच म्हणतात की हो.”

प्रश्न ठेवला. एक ओळ वाढवली,
छाट शेकडा दहा.
सोमवारी दहावी अ वर पुन्हा घालून बघायचा.

बिल्किस दारातून परत आली,
“बाई, दहाच कशी लिहिली?
ते कोण ठरवतं?”