अस्तर

शताब्दीच्या ग्रंथाचे मला साडेसातशे ठरले.
उकंडराव मोहोड यांचे जीवनचरित्र,
पाने दोनशे, फोटो वेगळे.
नातवानं जीप पाठवली,
धामणखेडच्या बंद जिनिंगात खोली दिली,
भिंतींना अजून सरकीचा वास,
आणि दारातूनच सांगितलं,
"मंदीचं प्रकरण जोरदार पाहिजे, मास्तर.
दादाजी तिथंच मोठे झाले."

एकतीस साल.
लिव्हरपूलच्या भावाची तार यायची,
स्टेशनमास्तर ती दोनदा वाचायचा
आणि एकदाच सांगायचा.
उलंगवाडी व्हायच्या आधीच
गाड्या भरल्या पोटानं परत फिरू लागल्या.
मजुरीचं रजिस्टर मी पाहिलं:
बाईमाणसाला साडेचार आणे,
पान उलटलं की पावणेतीन.
खाली मोडीत सही, हिरवी शाई,
हात कुठं थरथरलेला नाही.
(मी थरथर शोधली.
चरित्रकाराला ती लागते.)

मग ती सभा, तालुक्याला पाठ असलेली.
बाजाराच्या ओट्यावर उभं राहून
उकंडरावांनी डोक्यावरची टोपी काढली,
सगळ्यांदेखत उलटी करून झटकली.
"पाहा बापहो, आत काही नाही.
असतं तर देल्लं असतं."
लोक रडले म्हणतात.
सकाळी भोंगा वाजला,
आणि सगळे पावणेतीन आण्यांत आत गेले.
तिथून डिस्ट्रिक्ट बोर्ड, तिथून नागपूर.
तिसरं प्रकरण संपतं.
चौथ्यात मोटार येते.

अनसूया उमप तेव्हा रेच्यावर होती,
बारा वर्षांची.
"मानूस वाईट नोता," तुरीच्या शेंगा सोलत ती म्हणाली.
"माह्या मायची वेळ आली तवा
सुईन त्यानंच आनून देल्ली, अर्ध्या रात्री,
सोताच्या दमनीत."
मी लिहून घेतलं.
"आन टोपीत खरंच काई नोतं.
पन मी खाली होती ना बापू, पयल्या रांगेत,
मले आतून दिसली.
काई टोपी. अस्तर लाल, रेसमाचं, कोरं.
टाके मोजता आले असते."
सुपातल्या दाण्यांतून तिनं एक किडका वेचून टाकला.
"मले तसं परकराले पाह्यजे होतं."

पुंजाजी खंडाऱ्याचं नाव काढलं तर हसली.
त्याचं चरित्र मला ठाण्याच्या जुन्या दप्तरात सापडलं,
दीड ओळीचं:
इसम पुंजाजी, हमाल, वय अंदाजे तीस,
नऊ दिवस जिनिंग बंद ठेवविली. बोलतो फार.
"काय बोलायचा?"
"आता काय ध्यानात राह्यते. पन आमी आयकत होतो."
डोक्यावर पोत्याची खोळ घालायचा,
ओझ्याला तीच, पावसाला तीच.
पुढे भुसावळकडे गेला,
कोणी म्हणे रेल्वेत लागला,
कोणी म्हणे पोचलाच नाही.

दोनशे पानांत दीड ओळ कुठं बसवायची?
मी तळटीप केली.
नातवानं ती वाचली, चष्मा पुसला,
विचारलं, "अक्षर बारीक येईल ना?"
येईल, मी म्हटलं.
प्रुफात ती आलीच नाही.
मी विचारलं नाही.
साडेसातशेतले पाचशे तोवर मिळाले होते,
आणि पोरीची फी भरायची होती, हे कारण
मी स्वतःला दिलं तेव्हा
माझाही हात डोक्याकडे गेला.

एस.टी. स्टँडपुढच्या पुतळ्याला
अमरावतीच्या कारागिरानं पांढरी, टोकदार टोपी घातली.
सिमेंटची, भरीव.
खरी काळी टोपी स्मारकाच्या खोलीत असते, काचेखाली.
उद्घाटनाच्या आदल्या रात्री
शाळेच्या शिपायानं ती दोन्ही हातांत धरून विचारलं होतं,
"सर, उताणी ठेवू का पालथी?"

पालथी ठेव, मी म्हणालो.
धूळ बसत नाही.