चोंबडा डबा

जिंतूरच्या आठवडी बाजारात, बांगड्यांच्या ओळीत
कौसरबीच्या पोत्यावर मी उकिडवी बसले.
मांडीवर छापील प्रश्नावली. अठरा प्रश्न,
प्रत्येकापुढे एक ते पाच.
सकाळपासून सगळ्यांनी पाचच दिलेत,
पुण्याहून आलेली पोर उन्हात हिंडायली म्हणून.

"हात द्या," ती म्हणाली.
माप विचारलं नाही.
अंगठा आत दुमडला, करंगळीकडून तळवा दाबला,
आणि सव्वादोनचा डबा सारून
अडीचचा उघडला.
म्हटलं, मला सव्वादोन येतात.
"इचारलं की समद्या एक माप कमीच सांगत्यात, बाई.
म्हणून मी इचारतच नाही."

मी हे लिहून घ्यायला लागले
आणि अठरा प्रश्नांवर नुसतीच पेन फिरवत राहिले.

पैसे आले की बोलणारा आमचा डबा कुठं दिसेना.
सूचनांच्या यादीतली सातवी माझी होती:
आवाज बाजाराच्या गलक्यावर चढला पाहिजे.
कौसरबीनं मांडी उचलली.
चिंध्यांत गुंडाळलेला, सुतळीनं आवळलेला,
कोंबडीनं अंड्यावर बसावं तशी
ती त्याच्यावर बसली होती.

"लई चोंबडा हाय तुमचा डबा.
सून घरी सांगती, चाळीसच्या भरल्या.
ह्यो बोंबलतो, एकशेसाठ!
अन् सासू तिथंच पलीकडं मेथी घ्यायली.
दोन बाजार एक गिऱ्हाईक फिरकलं नाही माझ्याकडं."

मग बंदच का नाही करत?

"कोड भाच्याचा. पैसा जुबेरच्या मोबाइलात.
माझ्याकडं काय, ही गुरगुर तेवढी.
चाळीस आखूड गुरगुरतो, एकशेसाठ लांब.
रातीला जुबेरला बरोब्बर आकडा सांगते मी.
त्यो म्हणतो, मावशी, तुला वाचता येत नाही ना?"

हसली. पुढच्या बाईचा हात ओढला.

एस.टी.त सातवी सूचना खोडली.
तिच्या जागी काय लिहावं?
डब्यावर माणसाला बसता यावं?
बोरीपर्यंत तीच ओळ, तीनदा लिहून, तीनदा पुसून.

सोमवारच्या मीटिंगमध्ये विचारलं,
नमुना किती जणांचा?
मी हात हलवून सांगायला लागले
तर पडद्यावरून कुणीतरी म्हणालं,
कुणाच्या तरी बांगड्या वाजतायत,
प्लीज, म्यूट करा.