हजेरीची वही

रविवारी पहाटे रॉकेलची शेगडी पेटवतो मी.
सात माणसांपुरती ऊब व्हायला तासभर लागतो.
आकिताच्या बर्फाला वार कळत नाही;
रातोरात पायऱ्या पुसून टाकतो तो,
आणि मी फावड्यानं एकेक शोधून काढतो
पाठ असून विसरलेल्या वचनासारखी.

स्टेशनापलीकडच्या हॉटेलनं
एक पांढरं चर्च बांधलंय. शिखर आमच्याहून उंच,
काचा रंगीत, घंटा बटणावर.
महिन्याला दहा-बारा लग्नं लागतात तिथं.
बाप्तिस्मा कुणाचाच झालेला नसतो,
हवा असतो तो जिना, ते झुंबर, तो फोटो.

आमच्याकडे शेवटचं लग्न लागलं त्याला अकरा वर्षं झाली.

एकदा हॉटेलचे मॅनेजर शिमोमाए आले,
कमरेत वाकून म्हणाले, "तुमचा झगा उसना मिळेल का?"
म्हटलं, "झग्यासकट मीच येतो की."
ते अवघडले. चहाच्या कपाकडे बघत म्हणाले,
"माफ करा, लोकांना पाद्री परदेशी लागतो."
विनिपेगचा कुणी तरुण आहे, इंग्रजी शिकवतो,
देवाबिवाचं त्याला काही नाही, पण आवाज चांगला.
मी झगा दिला. इस्त्री करून दिला.
रात्री बायको म्हणाली, "घ्या! चर्चमध्येही आपणच परप्रांतीय."
आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

बालवाडीची पोरं नाताळात आमच्याकडे मेंढरं होतात,
आठवड्यानं डोंगरावरच्या देवळात टाळ्या वाजवून नवस बोलतात,
दोन्हीकडे तितकीच मनापासून.
त्यांच्या फीवर रॉकेल येतं. मी काय बोलणार?

फेब्रुवारीत तोकुए-सान गेल्या.
पन्नास वर्षं दुसरा बाक, खिडकीकडची जागा.
मुलगा म्हणाला, "आईचा रविवारचा छंद होता तो,
कुणी फुलं रचायला जातं, तसा."
भिक्खू आले, सूत्रं झाली,
मेल्यावरचं नवं नाव मिळालं त्यांना, सहा चित्राक्षरांचं.
त्या नावानं त्यांना कुणीच कधी हाक मारली नव्हती.

माझी पाळी आली. समोर धुपाची राख.
चिमूट उचलावी, की नुसतं वाकावं?
सेमिनरीत यावर अख्खं व्याख्यान झालं होतं,
नेमका त्या दिवशी मी तापानं पडलो होतो.
मागे रांग. सुनेचे डोळे माझ्या बोटांवर.
मी वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो,
लोकांना वाटावं, म्हातारा रडतोय.
रडतच होतो म्हणा.

आज प्रार्थना संपली. वही उघडली.
तेवढ्यात दार सरकलं: तो विनिपेगचा,
खांद्यावर बर्फ, हातात घडी केलेला झगा.
"परत द्यायला आलो," म्हणाला,
आणि गेला नाही. शेगडीपाशी हात शेकत उभा राहिला.
बस म्हटलं. ऊब दुसऱ्या बाकापर्यंतच पोचते आमच्याकडे,
तिथं तोकुए-सानची विणलेली गादी अजून आहे.
तो बसला. काहीच विचारलं नाही त्यानं, मीही नाही.

वहीत सहा लिहिलं.
पेनाला टोपण मात्र लावलं नाही.