तिसरा टेक

उद्यमनगरात रात्री अकरानंतर लेथ बंद पडतात,
लोखंडाचा वास तेवढा चालू राहतो.
भाची जाताना मोबाइलमध्ये तो पिक्चर घालून गेली.
म्हणाली, मावशी, तुझा आवाज आहे ना ह्यात?
बघ. पण एकटी बघू नकोस.

एकटी नको तर कुणासंगं बघू?
दिवा घालवला,
कानात त्या पांढऱ्या वायरी घातल्या
आणि बसलो.

खरं तर मला भ्यायचं कारण न्हाई.
खाटेवरची ही बाई मेलेली नाही,
ती कसबा बावड्याची सोनाबाई रेडेकर,
लाइट लावेपर्यंत झोप लागायची तिला, मढं घोरायचं.
रक्त म्हणजे काकवीत कालवलेलं कुंकू.
दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागायच्या
आणि भूत एका पायावर उभं राहून
दुसरा पाय खाजवायचं.
विहिरीतनं वर येतो तो हात नव्हे,
भुसा भरलेला हातमोजा. शिवला मीच.

मला तीन वाक्यं होती.
पुण्याहून आलेले साहेब म्हणाले,
"बाई, 'मी जातो' नव्हे. 'मी जाते'."
मी म्हटलं, व्हय, म्हणतो की.
सगळं युनिट हसलं.
वाक्यं दुसरीला दिली, माझी नुसती किंकाळी ठेवली.
किंकाळीला जातो-जाते नसतं.

रेकॉर्डिंगला दस्तगीर मुजावर.
पहिल्यांदा ओरडलो. म्हणाला, उंदीर बघितल्यागत वाटतंय.
दुसऱ्यांदा ओरडलो. म्हणाला, हे बाजारात पाकीट मारल्यागत.
मग उठला, पडद्यावरचं चित्र बंद केलं,
दिवा पण घालवला.
अंधारातनं विचारलं,
"आता काय दिसतंय तुला, अक्का?"

ते मी कुणाला सांगितलं नाही.

तिसरा टेक ओके झाला.
दिवा लागला तेव्हा दस्तगीर माझ्याकडं बघत नव्हता,
टेप गुंडाळत होता, लई सावकाश.
साठ रुपये मिळाले.
गंगावेशीला उतरून म्हशीचं निरसं दूध प्यालो, दोन पेले.
पेला दातावर वाजत होता.
गवळ्यानं विचारलं, ताप आलाय काय?
म्हटलं, व्हय.

आता हीरोइन जिन्यावर आलीय.
हातात कंदील, गळ्यापर्यंत पावडर.
दाराआड कोण आहे ते मला ठाऊक आहे,
पांढऱ्या लुगड्यात लाइटवाल्यांचा बाळकू,
मिसरूड फुटलेला, विडीच्या सुट्टीची वाट बघणारा.
दार उघडतं.
ती तोंड उघडते
आणि आतनं मी बाहेर येतो.

चौतीस वर्षं झाली.
आवाज म्हातारा झालेला नाही.
नवरा गेला, दोनदा पुराचं पाणी खिडकीला लागलं,
खालचे सगळे दात काढले,
ह्यातलं काही त्याला माहीत नाही.
तो अजून त्या अंधारात उभा हाय,
त्या दिवशी मी बघितलं तेच बघत.
मी विसरलो होतो.
त्याला कुणी विसर म्हटलंच नव्हतं.

दार वाजलं. खरं दार, माझं.
समोरचा वेल्डर तानाजी, अंगात बनियन, हातात पान्हा.
"मावशी, काय झालं? कोण शिरलं काय?
सगळी गल्ली उठली की."
म्हटलं, पिक्चर बघतोय रे.
"आवाज केवढा त्यो!"

वायरी अजून माझ्या कानात होत्या.
त्यानं बघितलं. मी पण चाचपलं.
दुसरं टोक छातीपाशी लोंबत होतं.
कधी निसटलं, ओरडायच्या आधी का नंतर,
का ओरडताना माझ्याच हातानं,
ते आता कोण सांगणार.
घसा मात्र माझा दुखत होता.

"एकट्याच हाय न्हवं?"
विचारताना तो माझ्या खांद्यावरनं आत बघत होता.
व्हय म्हणायला मला जरा वेळ लागला.

आत, अंधारात, खाटेवर मोबाइल चालूच होता.
"मी जाते," ती म्हणाली,
अगदी शुद्ध,
आणि कोणीच गेलं नाही.