थोडासा उतरता पंचम

तार्तूमध्ये या आठवड्यात सहा पियानो लावले.
संगीतशाळेचे दोन, चर्चमधला एक कुरकुरा,
एक लेम्बितगुरुजींचा, ज्यात उंदरानं
हातोड्यांची लोकर कुरतडून संसार थाटला होता,
उरलेले दोन कुणाचे, ते आता आठवत नाही.
घरचा सातवा. तो तसाच.
त्याच्या झाकणावर गेमचं यंत्र, दोन कंट्रोलर,
वायरींचा गुंता
आणि मारिकाचे वाळत घातलेले हातमोजे.

वय त्रेचाळीस. रात्री दहाला मी बेटावर जातो.
तिथं माझं दीपगृह आहे, तीन वर्षं बांधतोय.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
इथं दिवाच अजून बसवायचाय.
रोज दगड फोडायचे, तेल गाळायचं,
कोळणीला मोजून चाळीस मासे द्यायचे.
एक रात्र चुकली की साखळी तुटते,
पडद्याच्या कोपऱ्यात छोटी राखाडी खूण उमटते.
दिवसा गिऱ्हाइकांना सर्रास ‘उद्या येतो’ सांगणारा मी
त्या कोळणीला कधी ‘उद्या’ म्हटलेलं नाही.

मग अंडी उकडायचं घड्याळ शेजारी आणून ठेवलं,
कोंबडीच्या आकाराचं. चाळीस मिनिटं.
किणकिणलं की मी तिची मान पिरगळायचो:
आणखी चाळीस.
कोंबडीनं कधी तक्रार केली नाही.

यादीही केली. पळणे. स्वीडिश शिकणे.
भावाला फोन. घरचा पियानो.
फ्रिजवर चुंबकाखाली लावली,
दूध काढताना रोज वाचली.
पाठ झाली. अभ्यास तेवढाच.

मार्चमधल्या एका मंगळवारी
गुरुजींच्या जिन्याच्या दारात अंगठा चेमटला.
मारिकाला म्हटलं, माझे मासे देशील का, साखळी तुटेल.
तिनं कंट्रोलर आधी उलटा धरला, मग सुलटा.
माझा माणूस भिंतीवर आपटला, चिखलात पडला
आणि खाणीकडे पाठ करून चालू लागला.
‘तिकडे नको, तिकडे काही मिळत नाही.’
‘समुद्र आहे की,’ ती म्हणाली,
आणि त्याला काठावर बसवलं.

बसता येतं, हे मला माहीत नव्हतं.
तीन वर्षांत ते बटण दाबलंच नव्हतं.

भरती आली. एक सील डोकं वर काढून गेला.
मागे माझं बिनदिव्याचं दीपगृह
लांबून बरं दिसत होतं.
बारा वाजले, खूण राखाडी झाली.
कसलाही आवाज झाला नाही.
‘असा असतो होय हा खेळ,’ मारिका म्हणाली,
‘मला वाटायचं, तू दुसरी नोकरी धरलीस.’

लोकांना वाटतं, पियानो लावणं म्हणजे
प्रत्येक सूर अगदी खरा करणं.
तसं केलं तर एका पट्टीत स्वर्ग
आणि दुसरीत लांडगे हुंकारतात.
म्हणून आम्ही प्रत्येक पंचम केसभर उतरता ठेवतो,
चूक बारा घरांत वाटून टाकतो.
कुणीच पूर्ण खरं नाही,
पण राहता सगळीकडे येतं.
वीस वर्षं हे कानाला ठाऊक आहे,
बाकीच्या मला कुणी कळवलं नव्हतं.

काल झाकणावरचा पसारा जमिनीवर ठेवला
आणि मधला एकच स्वर लावला.
अंगठ्याला अजून पट्टी आहे.
सत्त्याऐंशी उरलेत.
मग बेटावर गेलो. कोळण रागावली नव्हती.
तिला मासे दिले, होते तेवढे. अकरा.
यादीतलं ‘पळणे’ खोडून टाकलं,
निदान तेवढं तरी मार्गी लागलं.

आणि फोन केला. भाऊ घाबरून म्हणाला,
‘कोण गेलं?’
कुणी नाही, म्हटलं. सहज.
मग दोघंही गप्प,
आणि दोन तारा जवळजवळ जुळत आल्या
की मध्ये जी थरथर ऐकू येते,
ती
बराच वेळ ऐकू येत राहिली.