लांबी

मी नाही म्हणायलाच गेलो होतो.
खिशात फ्रीजवरचा लोहचुंबक, गाजराच्या आकाराचा,
फडक्यात गुंडाळलेला, रंगावर ओरखडा उठू नये म्हणून.
रंग होता कुठे पण.

ट्रेगारॉनच्या पलीकडे, मेंढ्यांच्या जुन्या वाड्यात
एकोणीसशे एकाहत्तरची ट्रायम्फ,
नाक लांब, कंबर बारीक,
आणि ड्रायव्हरच्या सीटवर
अंडी उबवत बसलेली कोंबडी.
तिने आमच्याकडे मालकिणीसारखं पाहिलं.
खरी मालकीण, म्हातारी ग्वेनो, म्हणाली,
"आता नाही उठायची ती. बुधवारी पिल्लं निघतील.
तोवर बाहेरूनच बघा."

बाहेरून बघितली.
बॉनेटला चुंबक चिकटला. छताला चिकटला.
दाराखालच्या उंबऱ्याला लावला
आणि पडला, पेंढ्यात, आवाजसुद्धा न करता.
लांबी. नुसती लांबी.
भोकांत वर्तमानपत्रं कोंबून कुणीतरी
वर बोटभर लांबी थापली होती, वर हिरवा रंग.
स्क्रूड्रायव्हर टोचला तर आतून
रग्बीच्या एका सामन्याची बातमी निघाली.
कोण जिंकलं तेवढं गंजाने खाल्लेलं.

तिथेच हेलेदला हिशोब सांगितला.
अठराशे पौंड गाडीचे. मग उंबरे, फरशी, मागच्या कमानी,
ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, आणि इंजिन उघडल्यावर
जे दिसेल ते.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, म्हणालो.
कोंबडीने मान वळवली.

हेलेद तेव्हा एकोणीसची. पैसे तिचे, तिच्या आजीने ठेवलेले.
ती गाडीखाली शिरली. बाहेर फक्त बूट.
टॉर्चचा उजेड इकडून तिकडे फिरत राहिला.
बऱ्याच वेळाने आवाज आला,
"बाबा, चॅसी सरळ आहे."
मग पुन्हा बराच वेळ काही नाही.
मग, "मला गाडी नकोच आहे.
ही बांधली कशी होती ते बघायचंय."

गुरुवारी घेतली. पिल्लं नऊ निघाली होती.

तीन हिवाळे ती कापायची, मी धरायचो.
मी धरायचो, ती जोडायची.
तिचे पहिले टाके, खोटं कशाला बोलू,
कबुतरं बसून गेल्यासारखे.
घासून काढायची, पुन्हा घालायची.
काम जमत असलं की ती गुणगुणते
हे मला त्या गॅरेजात कळलं,
आणि तिला कार्डिफला जायचं नव्हतं, कधीच नव्हतं,
हेही तिथेच, मास्कच्या आतून.
दुसऱ्या हिवाळ्यात डाव्या दाराच्या फटीवरून भांडलो.
सहा आठवडे गाडी ताडपत्रीखाली
आणि आम्ही दोघं दोन खोल्यांत.
फट अजूनही खालच्या बाजूला जरा जास्तच होती.
चूक माझी होती.

मग विकली.
वहीत आहे सगळं: घेतली अठराशेला,
घातले नऊ हजार चारशे, आले सात हजार.
तोटा चार हजार दोनशे, तासांची मजुरी धरलेली नाही.
श्रूजबरीचा एक दंतवैद्य आला होता घ्यायला.
त्याला मी माझाच चुंबक दिला.
गुडघ्यांवर बसून तो फिरला चारी बाजूंनी,
आणि उंबऱ्यापाशी त्याला
तो ओढून काढावा लागला.
"परवडलं का तुम्हाला?" त्याने उठताना विचारलं.
हेलेद टाकीचं झाकण पुसत होती.
पुसतच राहिली.

आता ती पेम्ब्रोकच्या गोदीत जहाजांचे पत्रे जोडते.
रविवारी फोन करते, कधी विसरते.

आणि मला अजूनही लोक फोटो दाखवतात,
गवतात रुतलेल्या कुठल्या कुठल्या गाड्यांचे.
परवा पोस्टातला ग्लिन आला होता.
नको घेऊस, म्हणालो त्याला, अगदी मनापासून.
सगळी लांबी असते, म्हणालो, बुडशील.
मग कोट चढवला,
फ्रीजवरून गाजर काढलं,
आणि त्याने धरून ठेवलेलं विजेचं बिल
खाली फरशीवर पडलं.