नमुना एकतीस

कालवडीच्या मागं तीन पावलं, डाव्या अंगाला,
तिच्या सावलीवर पाय द्यायचा नाही,
एवढा एकच नियम विल्मार इफ्रान यांनी पहिल्या दिवशी सांगितला.
बाकीचं कागदावर होतं:
ती तोंड घालील तिथंच हात घालायचा,
ती तोडील तेवढंच तोडायचं.
बोटं म्हणजे जीभ, अंगठा म्हणजे दात.
वीस मिनिटं. कागदी पिशवी. वर तारीख, कुरण, क्रमांक.

ताकुआरेंबोच्या पलीकडं, बेसाल्टच्या पाठीवर,
वीतभर मातीत उगवलेलं गवत.
गवत म्हणतो आपण, एकवचनात.
विल्मारना त्यात साठ जाती ठाऊक,
निम्म्यांची नावं त्यांनीच ठेवलेली:
सासूची वेणी, उशिरा येणारी, पाद्र्याची दाढी.
मोतीबिंदूनं डोळे दुधाळलेले, तरी पिशवी त्यांचीच खरी,
कारण ते बघायचे नाहीत, ऐकायचे.
"पान तुटतं चर्रकन. काडी तुटते कट्.
हिला काडी नकोय बाई, तू का भरवतेस?"

माझ्या पिशवीत कुरण असायचं,
त्यांच्या पिशवीत कालवडीची आवड.
प्रथिनं माझी सहा, त्यांची नऊ.

सातच्या खाली गेलं की कोटीपोटातली
ती अब्जावधी सूक्ष्म बिऱ्हाडं कामावरच येत नाहीत.
गवत पडून राहतं, ओलं, फुगलेलं,
आणि पोट भरलेलं जनावर उपाशी असतं.
मला हे आकड्यांनी शिकवलं.
विल्मार म्हणाले, माझ्या धाकट्या मेहुण्याचंही तसंच,
आणि हसले नाहीत.

त्या जुलैत पाऊस नव्हताच,
नुसतं दहिवर पडायचं आणि गोठायचं.
कुरण चार, कालवड चारशे सतरा, कपाळ पांढरं, बरगड्या मोजता येतील अशी.
ती खाली खाली जात होती,
विल्मार तिच्यामागं गुडघ्यांवर.
चर्र नाही. कट् नाही.
तिसराच आवाज, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा.
त्यांनी पिशवीचं तोंड दुमडलं. बोलले काहीच नाहीत.

साठ अंशांवर दोन दिवस वाळवलं,
मिलिमीटरच्या चाळणीतून दळलं,
दोन ग्रॅम मुशीत, मूस साडेपाचशेच्या भट्टीत.
जळायचं ते सगळं जळतं तिथं.
उरते राख. शंभरात आठ, नऊ, फार तर दहा.
नमुना एकतीस: बावीस.

डॉक्टर सान्गिनेत्ती चष्मा वर सरकवून म्हणाल्या,
"म्हाताऱ्याला दिसत नाही आता, मुळासकट उपटलंय.
दूषित लिही. उद्या नवा घे, धुऊन घे."

अर्धा शब्द लिहिला मी.
मग मुशीत बघितलं.
राख राखाडी नव्हती. विटेच्या रंगाची होती,
भाजलेल्या मातीची असते तशी.

गाडी काढली. चार नंबरच्या फाटकापाशी
बुटानं शेण पसरलं, मूठभर डबड्यात घेतलं,
पाणी ओतून खळबळवलं, थांबले.
तळाला बसलं ते बोटांत कचकचलं.

माती तीच खात होती.
यांनी फक्त, हातचं काही न राखता,
तिचा घास घेतला होता.

रजिस्टरात तो अर्धा शब्द अजून आहे,
त्यावर एक रेघ, पुढं बावीस, शाईत.
गुरं हलवायला मात्र गुरुवार उजाडला;
कुणाची तरी सही हवी होती.

बुधवारी संध्याकाळी विल्मारना आकडा सांगितला.
त्यांनी येर्बाचा तुंबा भरून माझ्याकडं सरकवला,
जिभेनं दातांमागं काहीतरी चाचपलं.
"बावीसच?" म्हणाले.
"मला पंचवीस लागले होते."